श्रीलंकेतलं जुनं बौद्ध बांधकाम: अजिंठा-कार्ले बघून गेलेल्यांनी तिथे काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की अजिंठा, वेरूळ, कार्ले सगळं बघून झालंय, ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन आठ दिवस श्रीलंकेला चाललाय, कोणीतरी सांगितलं की तिथलं जुनं काम म्हणजे आपलीच कॉपी आहे, मग अनुराधपुराला, म्हणजे तिथल्या जुन्या राजधानीला, दोन दिवस घालवायचे का सरळ सिगिरिया, कँडी आणि बीच करून परत यायचं. मी कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट आहे, जुनी वीट, चुना आणि लाकूड हाच धंदा, त्या निमित्ताने तिकडे बरंच जाणं-येणं होतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. अनुराधपुरा टाळू नका एवढं आधीच सांगतो, बाकी वाचायचा कंटाळा आला तर सोडून द्या.

कॉपीचं म्हणाल तर धर्म भारतातून गेला, लिपी गेली, बोधिवृक्षाची फांदी गेली, स्तूपाची कल्पना गेली, यात वाद नाही. अशोकाचा मुलगा महिंद इ.स.पू. तिसऱ्या शतकात मिहिंतलेच्या डोंगरावर देवानंपिय तिस्स राजाला भेटला तिथपासून त्यांची बौद्ध परंपरा सुरू होते. आपल्या लोकांना माहीत नसतं ते हे, की ज्या महावंसात, म्हणजे लंकेच्या जुन्या पाली बखरीत, ही गोष्ट आहे त्याच ग्रंथात त्याच वेळी महारट्ठात आणि अपरांतात, म्हणजे आपल्याकडे आणि कोकणपट्टीत, पाठवलेल्या भिक्खूंचीही नावं आहेत. आणि सिंहली लोक ज्याला मूळपुरुष मानतात तो विजय लंकेला पोचायच्या आधी सुप्पारकला, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याला उतरला होता, त्याच्या माणसांनी तिथे दंगा केला म्हणून पुढे निघावं लागलं. अजिंठ्याच्या १७ नंबर लेण्यात सिंहलाची लंकेवरची स्वारी रंगवलेली आहे, ती तुम्ही बघितलीच असेल. म्हणजे नातं जुनं आहे. पण त्यानंतर दोन हजार वर्षं तिथल्या गवंड्यांनी आणि सुतारांनी जे केलं ते त्यांच्या दगडाने, त्यांच्या पावसाने आणि त्यांच्या तलावांनी ठरवलं.

सुरुवात दगडापासून करा. आपला सह्याद्री म्हणजे बेसाल्टचे थर, आडवे, एकसारखे, छिन्नीला बऱ्यापैकी वश होणारे, म्हणून आपण अख्खी लेणी कोरली. श्रीलंकेत बहुतेक ठिकाणी नाइस आणि ग्रॅनाइटच्या जातीचा कठीण दगड आहे, त्यात चैत्यगृह कोरायला गेलात तर पिढ्या संपतील. त्यामुळे तिथे सुरुवातीच्या भिक्खूंनी नैसर्गिक कपारी घेतल्या, पुढे विटा-मातीची भिंत घातली, आणि वरच्या खडकाच्या ओठाला एक बारीक खाच कोरली. पावसाचं पाणी खडकावरून ओघळत आत यायच्या ऐवजी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं. मिहिंतले, दंबुल्ला, सिगिरियाच्या पायथ्याचे मोठे धोंडे, सगळीकडे ही रेघ दिसेल. तिच्याच खाली ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्याचं नाव असतं. माझ्या मते अख्ख्या लंकेच्या वास्तुकलेतला सगळ्यात हुशार तपशील हाच, पण ग्रुप टूरवाले तिथून मूर्तीकडे पळतात.

म्हणजे आपल्याकडे कोरीव काम, तिकडे बांधकाम, हा फरक डोक्यात ठेवूनच जा. आणि बांधकामातलं सुद्धा निम्मं गेलेलं आहे, कारण वरचं सगळं लाकूड होतं. आपल्या कार्ल्यात छताच्या खऱ्या लाकडी कमानी अजून टिकल्यात आणि बाकी लाकडाची नक्कल दगडात केलेली आहे, त्यामुळे आपल्याला लाकडी इमारत कशी असेल ते तरी कळतं. अनुराधपुरात तेही नाही. तिथे लोहप्रासाद म्हणून एक जागा आहे, सिंहलीत लोवामहापाय. महावंस सांगतो की दुट्ठगामणी राजाने इथे नऊ मजली वास्तू उभारली, वर तांब्याचं छप्पर. आज तिथे १६०० दगडी खांब उभे आहेत, चाळीस रांगा गुणिले चाळीस, दाटीवाटीने, बुटके, ओबडधोबड. लोक येतात, खांब बघतात, हे काय, म्हणतात आणि जातात. पण हे खांब म्हणजे नुसता पाया आहे हो, वरची वास्तू आगीत गेली, पुन्हा बांधली, पुन्हा मोडली, महासेन राजाने तर ती पाडून सामान प्रतिस्पर्धी अभयगिरी विहारात नेलं. तिथे दहा मिनिटं उभं राहून खांबांवर तुळया, तुळयांवर मजला, मजल्यावर परत खांब असं मनात चढवत गेलात तर अनुराधपुरा कळायला लागतं.

आता स्तूप. सांचीचा स्तूप डोक्यात घेऊन गेलात तर पहिल्यांदा आकारानेच गडबडायला होतं. जेतवनरामय हा तिसऱ्या-चौथ्या शतकातला, महासेन राजाच्या काळात सुरू झालेला, मूळ उंची साधारण १२२ मीटर मानतात, आज ७१ मीटरच्या आसपास उरलाय. त्या काळच्या जगात गिझाच्या दोन मोठ्या पिरॅमिडनंतर तिसऱ्या नंबरची उंची, आणि पिरॅमिड दगडाचे, हा पूर्ण विटांचा. विटांचा अंदाज ९ कोटींच्या वर जातो. आत पोकळ काही नाही, भरीव. पाया खणत खणत खडकापर्यंत नेलाय, साडेआठ मीटरच्या आसपास, कारण एवढं वजन नुसत्या मातीवर टेकवलं तर एका बाजूला बसणार आणि घुमट फाटणार हे त्यांना पक्कं माहीत होतं.

विटांबद्दल जरा जास्त बोलतो, माझा विषय आहे. महावंसात रुवनवेलीसेयचा, म्हणजे दुट्ठगामणीच्या महास्तूपाचा बांधकामाचा जो वृत्तांत आहे तो एखाद्या साइट इंजिनियरने लिहिल्यासारखा आहे. पायात गोल धोंडे टाकले, घणांनी फोडले, मग पायांना चामडं बांधलेले हत्ती वरून फिरवले, म्हणजे कॉम्पॅक्शन. त्यावर नवनीत मृत्तिका, लोण्यासारखी मऊ माती. मग विटा, मग वेगवेगळे थर. पुढे राजा गवंड्यांना बोलावून विचारतो की तुम्ही काम कसं करणार. एकजण म्हणतो मी शंभर माणसं घेऊन दिवसाला एक गाडी वाळू वापरीन. राजा नको म्हणतो. दुसरा त्याहून कमी सांगतो, तिसरा आणखी कमी, आणि शेवटी एक हुशार मेस्त्री म्हणतो मी वाळू उखळात कुटून, चाळून, दळून वापरीन, आणि अगदी थोडक्यात भागवीन. राजा खूश, कारण त्याला भीती होती ती गवताची. सांध्यात वाळू जास्त असली की सांधा जाड होतो, पाणी धरतो, बी रुजतं, आणि स्तूपावर झाडं उगवतात. आता सांगा, कुठल्याही जुन्या वास्तूवर काम करणाऱ्या माणसाला विचारा, विटेचा एक नंबर शत्रू कोण, तर तो पिंपळ म्हणेल. ब्रिटिश काळात हे स्तूप सापडले तेव्हा झाडीने भरलेल्या टेकड्याच झाले होते. जेतवनच्या उघड्या विटांच्या भागाशी जवळ जाऊन सांधे बघा, बारीक चाळलेल्या मातीचा पातळ लेप देऊन विटेवर वीट जवळजवळ घासून बसवलेली दिसते. आपल्याकडच्या हल्लीच्या कामात वीट लहान आणि मसाला बोटभर असतो, त्यांच्या बरोब्बर उलट.

त्याच मेस्त्रीला राजाने मग विचारलं, स्तूपाचा आकार कसा करणार. त्याने सोन्याच्या वाडग्यात पाणी मागवलं, हाताने थोडं पाणी उचलून वरून आपटलं, मोठा बुडबुडा आला, म्हणाला असा. राजाने त्याला वस्त्रं, पादत्राणं आणि बारा हजार कहापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले. स्तूपाच्या आकारांची तिकडे यादीच आहे, बुडबुडा, धान्याची रास, घंटा, घट, कमळ, आवळा. थुपाराम हा तिथला पहिला स्तूप, तो मूळचा धान्याच्या राशीसारखा होता, १८६२ मध्ये दुरुस्ती करताना त्याला घंटेचा आकार दिला, आज तोच दिसतो. त्याच्या भोवती दगडी खांबांच्या गोल रांगा आहेत, त्या का, तर स्तूपावर लाकडी गोल छप्पर होतं. अशा छप्पर असलेल्या स्तूपघराला वटदागे म्हणतात, आणि त्या छपराचे वासे मध्ये नेमके कसे टेकवले होते, सगळं झाकलं होतं का मधला भाग उघडा होता, यावर तिथले तज्ज्ञ अजून भांडतात.

महास्तूपाची एक गोष्ट सांगून पुढे जातो. राजाने हुकूम काढला होता की इथे कोणी फुकट राबायचं नाही, मजुरी घ्यायचीच. एका भिक्खूला पुण्यात वाटा हवा होता म्हणून त्याने तशाच मातीची वीट तयार करून गुपचूप गवंड्याच्या हातात दिली, तर ते कळल्यावर त्यालाही मोबदला पोचवला. आणि राजा स्तूप पूर्ण व्हायच्या आत आजारी पडला तेव्हा भावाने उरलेल्या भागावर बांबूचा सांगाडा करून पांढरं कापड चढवलं, म्हणजे मरता मरता त्याला तो पूर्ण झालेला दिसावा. आज जो पांढराशुभ्र, शंभर मीटरच्या वर उंच रुवनवेलीसेय दिसतो तो विसाव्या शतकात नव्याने सजवलेला आहे.

आणि इथे एक गोष्ट आपल्या लोकांना खटकते, ती म्हणजे हे तर नवीनच दिसतंय, ओरिजिनल कुठे आहे. अजिंठा रिकामा झाला, विसरला गेला, म्हणून तसाच राहिला. अनुराधपुरातले स्तूप म्हणजे चालू देवस्थानं आहेत. तिथल्या भाविकाला पांढरा गिलावा आणि वरचा सोनेरी कळस नसलेला स्तूप अर्धवट वाटतो, आम्हा पुरातत्त्ववाल्यांना गिलावा चढवला की पोटात गोळा येतो, आणि हे भांडण दीडशे वर्षं चालू आहे. मिरिसवेटिय स्तूपाची डागडुजी चालू असताना १९८७ मध्ये घुमट ढासळला, मग १९९३ मध्ये तो नव्याने उभा झाला. त्याउलट जेतवन आणि अभयगिरीला युनेस्कोबरोबरच्या सांस्कृतिक त्रिकोण प्रकल्पात वीट उघडीच ठेवली, नुसती भक्कम केली. माझं मत विचाराल तर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी बघायला मिळतात हेच बरं आहे. पण माझ्या भाविक सिंहली मित्रांना हे बोलून दाखवायची माझी हिंमत होत नाही.

अभयगिरीला गेलात की गाइड ज्याला महासेनाचा राजवाडा म्हणतो तिथे चंद्रशिला बघा. राजवाडा वगैरे काही नाही, भिक्खूंच्या निवासाचा भाग आहे, पण पायरीखालचा तो अर्धगोल दगड अनुराधपुरातला सगळ्यात देखणा म्हणतात आणि खरंच आहे. लोखंडी कठड्याबाहेरून बघावा लागतो, सकाळी किंवा संध्याकाळी तिरका उजेड असताना जा, भर दुपारी कोरीव काम सपाट दिसतं. सगळ्यात बाहेर ज्वाळांची पट्टी. मग हत्ती, घोडा, सिंह, बैल एकामागे एक धावताना, आणि धावतायत म्हणजे खरंच धावतायत, घोड्याचा पुढचा पाय आणि हत्तीची सोंड यात उगाच जागा सोडलेली नाही. मग वेल, मग चोचीत देठ धरलेले हंस, आणि मध्ये अर्ध कमळ. परणवितान, श्रीलंकेच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले स्थानिक प्रमुख, त्यांनी याचा अर्थ संसाराचा फेरा ओलांडून कमळापर्यंत जाणं असा लावला, तो सगळ्या गाइडना पाठ असतो, सगळ्यांना पटलेला आहे असं मात्र नाही. मला जास्त गंमत पुढे वाटते. पोलोन्नरुवाच्या, म्हणजे अनुराधपुरानंतरच्या राजधानीच्या, चंद्रशिलांमध्ये प्राण्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या झाल्या आणि बैल गायब. मध्ये चोळांची राजवट येऊन गेली होती, नंदीवर पाय द्यायचा नाही ही भावना तिथून आली असं कारण सहसा देतात. दोन्ही शहरांतल्या चंद्रशिलांचे फोटो काढून रात्री हॉटेलवर शेजारी ठेवून बघा, मुलांनाही आवडतं.

पायरीच्या दोन्ही बाजूंना रक्षकशिला असतात, हातात पूर्णघट घेतलेला नागराजा, पायाशी ढेरपोटे बुटके गण. रत्नप्रासादाच्या अवशेषापाशी असलेली चुकवू नका. चौकट, दार, भिंत, सगळं गेलंय, नुसती पायरी, कठडा आणि दाराचे राखणदार उरलेत.

अनुराधपुरातली माझी सगळ्यात आवडती जागा मात्र संडास आहे. हसू नका. गावाच्या पश्चिमेला तपस्वी भिक्खूंचे मठ आहेत, तिथे ना स्तूप, ना मूर्ती, ना एक नक्षी, नुसते प्रचंड घडीव दगडांचे कोरे चौथरे. सगळी नक्षी केलीय ती एकाच ठिकाणी, मुतारीच्या दगडावर. त्यावर अख्ख्या सजलेल्या विहाराची दर्शनी बाजू कोरलेली असते. श्रीमंत विहारांच्या थाटाला मारलेला टोमणा, असा त्याचा अर्थ लावतात. हा दगड तिथल्या म्युझियममध्येही बघायला मिळतो.

पाण्याचं काम वेगळं बघायची गरज नाही, ते वाटेत येतंच. कुट्टम पोकुण नावाचे जुळे हौद अभयगिरीच्या आवारात आहेत, पाणी आत येण्याआधी छोट्या दगडी टाक्यांतून जातं, गाळ तिथेच बसतो, मग मकराच्या तोंडातून हौदात पडतं. घाईत असाल तरी पायऱ्यांच्या थरांची रेषा बघा, एक सुद्धा चुकलेली नाही. आणि सिगिरियाला जाताना कलावेव तलावाच्या बंधाऱ्यावर गाडी थांबवा. धातुसेन राजाने पाचव्या शतकात बांधलेला, त्यातून अनुराधपुराला ८७ किलोमीटरचा कालवा नेलाय, सुरुवातीच्या पट्ट्यात उतार किलोमीटरला फक्त १० सेंटिमीटरच्या आसपास. लेव्हल मशीनशिवाय. तलावातून पाणी सोडायच्या मोरीसाठी ते बंधाऱ्याच्या आत चौकोनी दगडी विहीर बांधायचे, तिला बिसोकोटुव म्हणतात, म्हणजे दाब तिथे मोडतो आणि बंधारा फुटत नाही. पार्कर नावाच्या ब्रिटिश इरिगेशन इंजिनियरने एकोणिसाव्या शतकात ती अभ्यासली आणि आपल्याकडच्या व्हॉल्व्ह टॉवरची ही आजी आहे हे ओळखलं. तलाव नसते तर भात नाही, भात नसता तर ९ कोटी विटा भाजायला रिकामी माणसं नाहीत, इतका सरळ हिशोब आहे. तलावाजवळच अवुकनाची १२ मीटरच्या आसपास उंच उभी बुद्धमूर्ती आहे, खडकातून जवळजवळ पूर्ण सुटी केलेली, फक्त पाठीमागे एक पट्टी चिकटलेली ठेवलीय. अंगावरच्या चिवराच्या चुण्या बघा, अख्ख्या मूर्तीवरून एकाच लयीत उतरतात.

धातुसेनाला त्याच्याच मुलाने, कश्यपाने मारलं. संपत्ती दाखव म्हटल्यावर म्हाताऱ्याने कलावेवचं पाणी ओंजळीत घेतलं आणि म्हणाला ही माझी संपत्ती. सिगिरियाच्या खडकावर राजवाडा बांधणारा तोच हा कश्यप, राज्य ४७७ ते ४९५.

सिगिरियाबद्दल सगळे सगळं सांगतात म्हणून मी कमी सांगतो. ललनांच्या चित्रांसाठी रांग लागते, फोटो काढू देत नाहीत, आणि अजिंठा बघितलेल्या माणसाने तिथे रेषा बघावी, एकदा काढलेली रेषा बदलून परत काढलेली काही ठिकाणी दिसते, एकीच्या अंगाला जास्तीचा हात तसाच राहून गेलाय. १९६७ मध्ये कोणीतरी चित्रांवर रंग फासला होता, ते स्वच्छ करायला इटलीहून माणूस आणला. चित्रांच्या खालची चकचकीत भिंत विटांची, वर चुन्याचा घोटीव गिलावा, आणि त्यावर जुन्या पर्यटकांनी ओरखडून लिहिलेल्या कविता, मुख्यतः आठव्या ते दहाव्या शतकातल्या. परणवितानांनी त्यातल्या ६८५ वाचून छापल्या. बहुतेक सगळ्या चित्रातल्या बायकांना उद्देशून आहेत, काही तक्रारी की ही बोलतच नाही. वर जाताना सिंहाचे पंजे लागतात, बेल या ब्रिटिश पुरातत्त्व अधिकाऱ्याने १८९८ मध्ये ते मातीतून मोकळे केले. ते विटांचे आणि गिलाव्याचे आहेत. आणि खडकावर सगळीकडे खाचा खणलेल्या आहेत, त्यात विटांच्या भिंती आणि जिने अडकवलेले होते. तुमच्या बाबांना गुडघेदुखी असेल तर त्यांना वर नेऊ नका, खालच्या पाण्याच्या बागा सपाट आहेत, आणि त्यातली कारंजी पावसाळ्यात पाणी भरलं की नुसत्या दाबावर अजून उडतात.

पोलोन्नरुवात गर्दी गल विहारात असते, आणि असायलाच हवी. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाचं काम, एकाच लांब खडकात चार मूर्ती, पहुडलेले बुद्ध १४ मीटरचे, म्हणजे अजिंठ्याच्या २६ नंबरमधल्या महापरिनिर्वाण मूर्तीच्या दुपटीच्या आसपास. डोकं टेकलंय ती उशी जवळून बघा, गोल लोडाला डोक्याच्या वजनाने खळगा पडलाय, दगडात. दोन पावलं एकमेकांवर नेमकी बसत नाहीत, वरचं थोडं मागे सरकलंय, त्यावरून ही झोप नव्हे, परिनिर्वाण, असं ओळखतात. शेजारी हात छातीवर घेतलेली उभी मूर्ती बुद्धाची का त्याच्या आनंद या शिष्याची, हा वाद जुना आहे, मी बुद्धाच्या बाजूचा. खडकाचे काळे-पांढरे पट्टे चेहऱ्यांवरून वाहत जातात, कारागिराने ते लपवले नाहीत, वापरले.

आता खडकाच्या वरच्या बाजूला आणि मूर्तींच्या मध्ये बघा, भिंती टेकवायला कोरलेल्या खाचा दिसतील. या मूर्ती मूळच्या उघड्यावर नव्हत्या. प्रत्येकीला स्वतःचं विटांचं मूर्तिघर होतं. आपण आज एका नजरेत जे बघतो ते त्या काळी कोणालाही दिसलं नव्हतं, अंधाऱ्या खोलीत दिव्याच्या उजेडात एक एक मूर्ती दिसायची. ते कसं वाटत असेल हे कळायला तिथूनच थोड्या अंतरावरच्या लंकातिलकात जा, विटांच्या साधारण १७ मीटर उंच भिंती, अरुंद गल्ली आणि टोकाला डोकं नसलेले उभे बुद्ध. छताची विटांची कमान पडलीय म्हणून वरून ऊन येतं. शाबूत कमान बघायची तर गावातल्या थुपारामात (नाव तेच, हा वेगळा) जा, आतली थंडाई आणि भिंतींची जाडी अंगावर येते.

तिथेच चोळांचं शिवमंदिर पण आहे, शिव देवालय क्रमांक २, आटोपशीर, सगळं दगडी. राजराजाच्या सैन्याने ९९३ मध्ये अनुराधपुरा लुटलं आणि पोलोन्नरुवा राजधानी केली, १०७० मध्ये विजयबाहूने त्यांना हाकललं. मंदिर मात्र कोणी पाडलं नाही, आणि तिथल्या शिवालयांमध्ये सापडलेले ब्राँझ आता कोलंबोच्या म्युझियममध्ये मानाने ठेवलेत.

दंबुल्ला वेळ असेल तर नव्हे, वेळ काढून बघा. बाहेरचा पांढरा व्हरांडा १९३८ चा, त्याला फसू नका. आत पाच गुहा, छतावरची बरीचशी चित्रं अठराव्या शतकातली, कँडीच्या कीर्ती श्री राजसिंहाच्या काळातली. लाल जमीन, बाजूने काढलेले चेहरे, रिकामी जागा दिसली की फूल. अजिंठ्यासारखी खोली, सावली शोधू नका, ती त्यांची रीतच नाही. खडकाचं छत सपाट केलेलंच नाही, जसं वरखाली आहे तसंच त्यावरून चित्र गेलंय, त्यामुळे मान वर केली की वर रंगीत कापड ताणलंय असं वाटतं. या परंपरेत मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात, मुहूर्तावर, बाकी सगळ्यांना बाहेर काढून, आणि चित्रकार मूर्तीकडे पाठ करून आरशात बघून डोळा काढतो. हे अजून चालतं.

कँडीत दंतमंदिर बघालच, ऑगस्टमध्ये पेराहेर, म्हणजे बुद्धाच्या दाताची मोठी मिरवणूक, असेल तर हॉटेलं महाग आणि रस्ते बंद, तारखा पौर्णिमेवर ठरतात त्या आधी बघून घ्या. मी मात्र अर्धा दिवस गावाबाहेरच्या तीन देवळांना देईन. गडलादेणिय आणि कँडीजवळचं लंकातिलक, दोन्ही १३४४ ची, पहिलं दगडी, गणेश्वराचारी नावाच्या दक्षिण भारतीय स्थपतीचं, दुसरं विटांचं. आणि एंबेक्के देवालय, कारण तिथे शेवटी लाकूड भेटतं. वादकांच्या मंडपाचे कोरीव खांब, कुस्ती खेळणारे मल्ल, दोन तोंडांचा गरुड, बाळाला पाजणारी आई, एकेका चौकटीत एकेक. सगळे खांबच बघत बसतात, तुम्ही मंडपाच्या टोकाला जाऊन वर बघा. सव्वीस वासे तिरपे येऊन एकाच प्रचंड लाकडी खुंटीत अडकवलेत, तिला मडोल कुरुपाव म्हणतात. कुठल्याही सुताराला दाखवा, तो पाच मिनिटं काही बोलणार नाही. लोहप्रासादाचे वरचे मजले कसे असतील याचा अंदाज मला तरी तिथे आला, जरी दोघांत हजार-दीड हजार वर्षांचं अंतर आहे.

म्हणून क्रम असा ठेवा: कोलंबोहून आधी अनुराधपुरा दोन रात्री, त्यात मिहिंतले, तिथलं कंटक चैत्य चुकवू नका, स्तूपाला चिकटलेल्या दर्शनी भिंतीचं कोरीव काम सगळ्यात चांगलं तिथेच टिकलंय. मग कलावेव-अवुकन करत सिगिरिया-दंबुल्ला भागात दोन रात्री, तिथूनच पोलोन्नरुवा एका दिवसात, मग कँडी दोन रात्री. बीचला एक दिवस उरतो, भरपूर झाला. ऑगस्टमध्ये उत्तरेचा भाग कोरडा आणि कडक उन्हाचा असतो. स्तूपाच्या आवारात चप्पल आणि टोपी दोन्ही काढावी लागते आणि दगड तव्यासारखा तापतो, जाड मोजे घेऊन जा, आई-बाबांसाठी तर नक्की. खांदे-गुडघे झाकलेले कपडे, शक्यतो पांढरे. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, लोक खरंच दुखावतात, गार्ड ओरडतो. आणि सिगिरियासारख्या ठिकाणी सार्क देशांच्या पासपोर्टला तिकीट कमी लागतं, खिडकीवर मूळ पासपोर्ट मागतात, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही.